सेनापतीचा दरवाजा आणि माझं मार्गदर्शन

४ ऑगस्ट

लेकीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं. नववीला एक जुनं शोकनाटक अभ्यासाला आहे. शत्रू येणार म्हणून सेनापती सूर्यास्ताला किल्ल्याचा दरवाजा बंद करतो. सकाळपर्यंत कुणासाठीही उघडायचा नाही, असा हुकूम. बाहेर त्याचा स्वतःचा मुलगा जखमी होऊन दार ठोठावतोय. बायको सांगते, पहारेकरी सांगतो, मुलाला लहानाचं मोठं केलेली दाई सांगते की आवाज त्याचाच आहे. सेनापती म्हणतो, ही शत्रूची युक्ती. सकाळी दार उघडतात तेव्हा उशीर झालेला असतो.

या नाटकावर काहीतरी करायचं. पात्राची रोजनिशी, वर्तमानपत्राचं पहिलं पान, नवा शेवट, मॉडेल, असे पर्याय आहेत. सूचनांचा कागद दोन पानी होता. पहिलं पान वाचलं. तेवढ्यावरच कळलं.

मॉडेल. दुसरा विचारच नको. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. दारं उघडणं आणि मिटणं यावर इतकी वर्षं घर चाललंय.

संकल्प : प्रोजेक्ट लेकीनंच करायचं. मी फक्त मार्गदर्शन करणार, हात लावणार नाही. तिला रोजनिशीचा पर्यायही कळावा म्हणून स्वतः ही रोजनिशी सुरू केली आहे. नमुना म्हणून.

५ ऑगस्ट

पुठ्ठे आणले. हात लावला, पण फक्त कापण्यापुरता. पुठ्ठा जाड आहे, तिला झेपला नसता.

लेक म्हणाली, बाबा, प्रोजेक्टबद्दल एक सांगायचंय. म्हटलं, आधी बुरूज वाळू दे.

७ ऑगस्ट

चार बुरूज तयार. एक कलला आहे. जुन्या किल्ल्याचा एखादा बुरूज कलायचाच. वास्तववाद.

बायको म्हणाली, जेवायचं टेबल मिळेल का? सर्जनशील कामात घरच्यांची साथ लागते, हे मी तिला समजावून सांगितलं. आम्ही पलंगावर बसून जेवलो.

८ ऑगस्ट

लेकीला पुन्हा काहीतरी सांगायचं होतं. ग्रुप, तालीम असले शब्द कानावर पडले. मैत्रिणींचं काहीतरी असणार. या वयात मैत्रिणी फार. मी तिच्याशी सेनापतीच्या स्वभावावर थोडं बोललो. थोडं म्हणजे दूध उतू जाईपर्यंत. सेनापतीचा मुख्य दोष असा की तो कुणाचं ऐकून घेत नाही. हा मुद्दा तिच्या नीट लक्षात यावा म्हणून दोनदा सांगितला. मध्ये तिनं तोंड उघडलं, तेव्हा तिसऱ्यांदा.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मुद्दा पोचला असावा.

११ ऑगस्ट

कल्पना सुचली. दरवाजा खरोखर चालला पाहिजे. ऑफिसात भंगारात निघालेली छोटी मोटर होती, साहेबांना विचारून घेतली. सोबत सेन्सरही मिळाला. लिफ्टच्या दारात माणूस आला की दार परत उघडतं, तो. उत्तम प्रतीचा आहे, टाकून कसा देणार? बसवला.

१२ ऑगस्ट

दरवाजा चालतो. फार सुंदर चालतो. रिमोटचं बटण दाबलं की हळूहळू मिटतो, आवाजसुद्धा नाही.

एक किरकोळ अडचण. मातीचा मुलगा करून दाराबाहेर उभा केला, की सेन्सर त्याला ओळखतो आणि दार आपोआप उघडतं. म्हणजे मुलगा वाचतो. म्हणजे शोकांतिका घडतच नाही.

बायको म्हणाली, सेनापतीपेक्षा सेन्सर बरा. तिला नाटकातलं कळत नाही.

१३ ऑगस्ट

मुलगा दूर सरकवला. दार मिटलं. पण आता तो इतका लांब आहे की दार ठोठावतोय असं वाटत नाही, बसची वाट बघतोय असं वाटतं.

सेन्सर काढणार नाही. सुरक्षिततेशी तडजोड नाही.

१६ ऑगस्ट

लेक हल्ली शाळेतून उशिरा येते. घसा बसलाय तिचा. गरम पाणी पी, आणि मोठ्यानं बोलत जाऊ नकोस, असा सल्ला दिला. तिनं विचारलं, बाबा, तुम्ही कॉलेजात नाटकात होतात ना? मला इतका आनंद झाला की त्या काळातलं सगळंच सांगितलं. माझी भूमिका (सैनिक), माझा आवाज, आमचा दिग्दर्शक, चहावाला. मी माझं एकमेव वाक्य विसरलो होतो, ते सांगितलं नाही. मुलांसमोर आदर्श राहिला पाहिजे.

सगळं संपलं तेव्हा ती गणित सोडवत होती. तिला नेमकं काय विचारायचं होतं, ते राहिलंच.

१९ ऑगस्ट

उद्या शाळेत प्रोजेक्टचं प्रदर्शन. किल्ला रंगवून झाला. कललेला बुरूज सकाळी पडला, परत चिकटवला, आता दुसऱ्या बाजूला कललाय. लेकीनं आज पहिल्यांदा किल्ल्याकडे नीट पाहिलं. छान झालाय, म्हणाली. मग म्हणाली, पण बाबा, आमचं हे नाहीच आहे. मी म्हटलं, तू नम्र आहेस, पण तुझंच आहे हे, मी फक्त मार्गदर्शन केलं.

२० ऑगस्ट

सूचनांच्या कागदाच्या दुसऱ्या पानावर असं होतं की प्रोजेक्ट गटानं करायचं, शाळेतच करायचं, आणि लेकीच्या गटाच्या वाट्याला नाटकातला प्रवेश सादर करणं आलेलं आहे. हे तिथे गेल्यावर कळलं. असल्या गोष्टी पहिल्या पानावर छापायला हव्यात.

मी किल्ला घेऊन दारात उभा. शिक्षिका फार समजूतदार बाई. म्हणाल्या, काळजी करू नका, दरवर्षी होतं. कोपऱ्यात एक टेबल होतं, त्यावर पाटी : पालक विभाग. तिथे आणखी सहा किल्ले होते.

मला तिसरा नंबर मिळाला. पहिला एका आजींना. त्यांनी अख्खा किल्ला लोकरीचा विणला होता. दुसरा एका दंतवैद्याला. त्याच्या बुरुजांना जी चकाकी होती, ती मला दाढांची वाटली. माझ्या किल्ल्यापुढून जो जाई त्याच्यासाठी दार उघडत होतं. लहान मुलांची रांग लागली होती. दुसऱ्या कुठल्याच किल्ल्याला रांग नव्हती, हे नोंदवून ठेवतो.

मग प्रवेश झाला. लेक सेनापती, दोन मैत्रिणी बायको आणि दाई. प्रवेश त्यांनी स्वतः नव्यानं लिहिला होता. लेक इतकी मोकळी बोलते हे मला माहीतच नव्हतं. दाई सांगायला आली की सेनापती म्हणे, “थांब, मी तुझं ऐकतोच आहे, आधी माझं ऐकून घे.” बायको आली की तिला म्हणे, तू काय म्हणणार ते मला माहीत आहे. दार ठोठावल्याचा आवाज येत होता आणि सेनापती दरवाजा किती मजबूत आहे, बिजागऱ्या कुठून आणल्या, ते समजावत होता. सभागृह हसून हसून लोळत होतं. शेवटी ठोठावणं थांबलं, तरी सेनापती बोलतच होता. मग त्याला शांतता ऐकू आली. तेव्हा कुणीच हसलं नाही.

फार जिवंत पात्र. असा माणूस मी कुठेतरी पाहिलाय. बहुतेक आमचे साहेब.

त्रुटी : त्या काळी चष्मे नव्हते. सेनापती चष्मा कपाळावर सरकवतो आणि मग शोधत फिरतो, हे ऐतिहासिकदृष्ट्या चूक. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोच्या डोळ्यांना शोकनाटकात हसून पाणी आलं होतं. घरी जाऊन तिच्याशी यावर बोलणार होतो, राहिलं.

२१ ऑगस्ट, सकाळ

वर्तमानपत्र वाचायला चष्मा सापडेना. बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, “कपाळावर आहे, सेनापती.”

वर्तमानपत्र वाचलं नाही.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ

ऑफिसात कुणाला काही सुचवलं नाही. दोघांनी विचारलं, काही झालंय का.

घरी आल्यावर लेकीनं विचारलं, रागावलात का. नाही म्हटलं. पुढे एक लांब वाक्य तयार होतं, ते गिळलं. संकल्प : ती बोलेल, मी ऐकेन. मार्गदर्शन नाही.

ती बोलायला लागली. तालमीच्या पहिल्या दिवशी तिला सगळ्यांसमोर रडू आलं होतं. भूमिका सोडणार होती. स्टेजवर वाक्य विसरलं तर काय करायचं, हे तिला मला विचारायचं होतं, कारण घरात नाटकात काम केलेला मी एकटाच. काल पडदा उघडेपर्यंत मैत्रिणीनं तिचे हात धरून ठेवले होते. मला चार ठिकाणी बोलावंसं वाटलं. जीभ दातांत धरली. चौथ्या वेळी जोरात धरली गेली.

ती मध्येच थांबली. माझ्याकडे निरखून पाहिलं आणि आईला हाक मारली, बाबा बघ कसे गप्प बसलेत. बायको ओल्या हातानं आली, कपाळाला हात लावून पाहिला.

ताप नव्हता.