तळघरातला पंखा

२१ ऑक्टोबर
मोंटानात पहिला बर्फ. हरणांच्या शिकारीच्या हंगामासाठी आमचा नवरा, हार्लन, तळघरात काडतुसं भरतोय. वापरलेल्या रिकाम्या पुंगळ्या साफ व्हायला मशीनमध्ये मक्याच्या भुशात फिरतात. शिशाची धूळ उडते. ती बाहेर फेकायला त्याने खिडकीत पंखा बसवलाय. म्हणाला, मी कामावर असताना मशीन फिरेल, पंखा तेवढा चालू ठेव गं. म्हणजे प्रभूने दिलेली ऊब बर्फाला दान! संकल्प : तो गेला की पंखा बंद, खिडकीला गोधडी.

२ नोव्हेंबर
पंखा बंद ठेवून कुणाला काही झालेलं नाही. जोलीन कामाला जाताना लेटीला माझ्याकडे सोडते. लेक बापावर गेली, नात माझ्यावर : जमिनीतल्या जाळीवरच बसते, तळघरातल्या भट्टीची, फर्नेसची, गरम हवा येते तिथे. मूठ तोंडात. पंखा चालू असता तर लाभली असती ही ऊब?

१४ नोव्हेंबर
पंखा लावतेस ना, हार्लनने विचारलं. लावते की, म्हटलं. मंगळवारी दहा मिनिटं लावला होता. प्रार्थनेत उरलेल्या वेळेपुरती क्षमा मागितली.

३० नोव्हेंबर
वर्षाच्या पोरांचं रक्त तपासतात. लेटीच्या रक्तात शिसं. जोलीन रडरड रडली. तुझ्या भाड्याच्या घराचा जुना रंग, मी म्हटलं. इतक्या झटकन कसं सुचलं, देव जाणे. संकल्प : उद्यापासून पंखा.

५ डिसेंबर
आरोग्य खात्याच्या प्रुइट बाईंना जोलीनकडच्या रंगात काही सापडलं नाही. आमची जाळी पुसली, तर फडक्यात शिसं. म्हणाल्या, फर्नेस तळघरातली हवा ओढून घरभर फिरवते. जोलीन हार्लनला म्हणाली, पप्पा, तुमच्या हरणांपायी माझी पोर! तो म्हणाला, चूक माझीच गं, पंखा कुचकामी निघाला. मी बटाटे सोलत होते. नको होते तेही सोलले.

८ डिसेंबर, रविवार
चर्चमध्ये हार्लनने उभं राहून सगळ्यांसमोर माफी मागितली. मीही उठणार होते. गुडघा धरला.

घरी त्याने बिघाड शोधायला पंखा उघडला. पाती लख्ख. धुळीचा कण नाही. टेबलावर माझ्या ताटासमोर ठेवून प्लग लावला. उत्तम चालतो.

जोलीनला फोन केला. आई, तू नको जिवाला लावून घेऊस, म्हणाली. मी सांगितलं. पंख्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही.

बंद केला. पुन्हा सांगितलं.