ओवाळलेलं पाणी

महाड,
शनिवार, १९ एप्रिल २०२५

प्रिय चंद्रभागाताई,

प्रभूमध्ये सलाम. मानसीचा ताप पार उतरला. आज तिने घावन मागून खाल्लं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहितेय, चांगला कागद कशाला खर्चायचा. फोन केला असता, पण आई पलीकडच्या खाटेवर आहेत. त्यांना सगळं ऐकू जातं.

तापात मानसी एकच बडबडायची, "खिडकीतल्या माणसाला आत घ्या, तो भिजतोय." बाहेर रणरणतं ऊन. मग तिची वाचाच बसली. तेव्हा सुशांतनी गावी कुडपणला जाऊन आपल्या आईंना आणलं. डॉक्टर म्हणाले, मुंबईला हलवा. गाडी यायची होती, तेवढ्यात आईंनी तांब्याभर पाणी पोरीवरून ओवाळलं. ते पाणी बाहेर वाटेवर टाकतात, दुखणं त्याच्याबरोबर जातं, एवढं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "आई, प्रभूने सगळ्यांसाठी एकदाच रक्त सांडलंय. आता ओवाळायचं काही उरलं नाही."

त्या हसल्या. "तुझ्या देवानं तरी दुसरं काय केलं गो? लोकांचं आपल्या अंगावरच घेतलं ना?"

आणि तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायल्या.

गाडी परत पाठवावी लागली. पोर उठून बसली होती. संध्याकाळी आई तापल्या आणि बडबडू लागल्या, "त्याला आत घ्या, भिजतोय तो." मानसीचं ते बोलणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, ताई. डॉक्टर म्हणतात, साथ आहे.

काल शुभ शुक्रवार. चर्चमध्ये पाळक सांगत होते, प्रभूनेही बागेत आधी विनवणी केली, हा प्याला टळू दे, मग घेतला. दरवर्षी ऐकते. काल मान वर करवेना.

घरी आले तर मानसी आजीवरून तांब्या ओवाळत होती.

"कुणी शिकवलं? आजीनं?"

"आजी तर झोपलीय. त्यानं सांगितलं." तिने खिडकीकडे पाहिलं आणि तांब्या ओठाला लावला. मी हिसकावून घेतला.

सुशांतना सांगितलं, ओतून टाकलं. पण पाणी फुकट घालवणं मला जमत नाही, तुम्ही ओळखताच.

माझा विश्वास ढळला असं समजू नका. सगळं फेडून झालंय, हे मी आजही मानते. पण तांब्या भरलेला होता आणि त्याला ओठ लेकीचे लागले होते.

आई सकाळी उठून बसल्या, पेज प्यायल्या. माझं अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घ्या. बाहेर ऊन आहे. खिडकीबाहेर कुणीतरी उभं आहे, केसांतून पाणी गळतंय. बिचाऱ्याला थंडी वाजत असेल.

लवकर या. आल्याबरोबर माझ्या उशाचा तांब्या उचला. पोरीला जवळ येऊ देऊ नका, आईंनाही नाही. माझ्यावरून कुणी काही ओवाळायचं नाही. हे माझ्यापाशीच थांबू दे.

प्रभूच्या हाती सोपवलेली,
तुमची भावजय