बोकडाची जागा

२ जानेवारी १९५५, सकाळी ६.१०
नव्या वर्षाचा संकल्प एकच. गुणवंतराव ठेकेदाराला धूळ चारणे. खरोखरची धूळ, चामोर्शी रस्त्याची.
कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग थंड होणार नाही. गेल्या शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेहून मी त्यांच्या जीपमध्ये मागे बसून परत येत होतो. चामोर्शीच्या बाजारात त्यांनी बोकड घेतला. जागा एकच होती. म्हणाले, "मुखरू, उतर बा. बोकड लंगडा आहे, तुले तं पाय आहेत." जीपमधले सगळे हसले.
मी त्यांच्या गडचिरोलीच्या लाकूड डेपोत सतरा वर्षे मोजणीदार आहे. चौथी पास, पुढची विद्या स्वतःची. सागाचा लठ्ठा नुसता पाहून घनफूट सांगतो. त्या दिवशी एकोणीस मैल दोन फर्लांग चाललो. जीप वळणावर गेली तेव्हा बोकडाने एकदा मागे वळून पाहिले.

९ जानेवारी
प्लॅन तयार. जमीनदारी गेल्यापासून जमीनदारांचे धाकटे बाळासाहेब घरातली एक एक वस्तू विकायला काढत आहेत. ग्रामोफोन गेला, हत्तीचा हौदा गेला. आता मोटार. विलायती, रेसची, १९३३ सालची, तांबडी. सीटा दोनच. स्पीड जीपच्या दुप्पट (बाळासाहेबांचे म्हणणे).
शिवरात्रीला चामोर्शी रस्त्यावर जीपला ओव्हरटेक करायचे. हॉर्न एकदाच. मागे पाहायचे नाही. मग जत्रेत, चार लोकांदेखत, गुणवंतरावांच्या हातात राजीनामा द्यायचा.
प्रश्न: नंतर पगार कोण देणार? उत्तर: विलायती मोटारवाल्याला कोण नाही म्हणेल?

१३ जानेवारी
मोटारीची तपासणी केली. दोन तास. लांबी ११ फूट ४ इंच, रुंदी ४ फूट ३ इंच. बाळासाहेबांना स्वतःला ठाऊक नव्हते ते मी दाखवून दिले. पत्र्याच्या आतला सांगाडा सगळा लाकडी! तळाची फळीसुद्धा. गाठ नाही, कीड नाही, रेषा सरळ. असे लाकूड ज्या वस्तूत आहे ती दगा देत नाही.
इंजिन पाहिले नाही. झाकण उघडत नव्हते. शिवाय तो लोखंडाचा विषय.
बाळासाहेबांनी उतारावरून चालवून दाखवली. सुरेख धावली. चढावर न्या म्हटले, तर म्हणाले की चढावर फुकट पेट्रोल कशाला जाळायचे. काटकसरी माणूस. आवडला.

१६ जानेवारी
सौदा फायनल. किंमत बाराशे. तीनशे रोख, बाकीचे दरमहा पंचवीसप्रमाणे छत्तीस महिने. पगार पंच्याऐंशी आहे, म्हणजे साठ उरतात. साठात राजे राहतात. शेवटची किस्त फिटेपर्यंत मालकी बाळासाहेबांची, असे कागदात आहे. बँक नाही, सावकार नाही. दोन सज्जनांतला व्यवहार.
रोख तीनशे विहिरीसाठी ठेवलेले होते. रुखमाबाई म्हणाली, "अकरा वर्षं झाली, नदीवरून पाणी आणून राह्यली मी. मले पाणी पाह्यजे अन् तुमाले धूळ." बदला झाला की दोन विहिरी खोदू, असे सांगितले. ती घागर घेऊन निघून गेली. बायकांना हिशेब लगेच पटत नाही.

२३ जानेवारी
बाळासाहेब नागपूरला राहायला गेले. पत्ता दिला आहे, पण मनात शंका आली. मालकी त्यांची, उद्या मोटार दुसऱ्याला विकली तर?
जंगलात कायदा सोपा आहे. लाकडावर ज्याचा शिक्का, त्याचा माल. तो पुसायची कोणाची हिंमत नाही. शिक्का खरवडला तर तुरुंग. ही पाटी डेपोत मीच रंगवून लावली आहे. तेव्हा डेपोतला शिक्क्याचा हातोडा आणला आणि तळाच्या फळीवर एक, दाराच्या चौकटीत एक, असे दोन ठसे मारले. खोल, स्वच्छ.
सुकलू डेपोत लठ्ठे रचतो. तो वाकून पाहत म्हणाला, "भाऊ, हे तं मालकाचं त्रिशूळ आहे." त्याला समजावले की मालकाने सतरा वर्षांत एकदाही हातोडा उचललेला नाही. हात माझा, म्हणून ठसा माझा. सुकलू म्हणाला, "बरं."
त्याच्या 'बरं'मध्ये उद्धटपणा असतो.

४ फेब्रुवारी
ड्रायव्हिंग शिकतो आहे. पुस्तक मागवले आहे, मास्तर कशाला? खुर्चीवर बसतो, पायाखाली तीन विटा: क्लच, ब्रेक, एक्सिलरेटर. गिअरसाठी उलथणे.
आज टॉप गिअरमध्ये असताना रुखमाबाईने उलथणे मागितले. धावत्या मोटारीत गिअर काढून देता येत नाही, हे तिला नीट समजावून सांगितले. भाकर करपली.

१२ फेब्रुवारी
राजीनाम्याचा सातवा मसुदा. इंग्रजीतच हवा, नाहीतर वजन पडत नाही. शेवटचे वाक्य आज सुचले: आय ॲम नॉट लेस दॅन गोट. तीनदा मोठ्याने वाचले.
इंजिन सुरू झाले नाही. थंडीमुळे.

१५ फेब्रुवारी
आज ऊन कडक. इंजिन सुरू झाले नाही. सुकलूच्या ढकलण्यात मनापासूनपणा नाही. त्याला तसे सांगितले. म्हणाला, "भाऊ, म्या ढकलून राह्यलो, पण ते काऊन चालन? त्याच्या मनातच नाई."

२० फेब्रुवारी, शिवरात्र, पहाटे ५.४०
पेट्रोल भरले. धोतराऐवजी पँट. राजीनामा वरच्या खिशात. सुकलू बैल लावून मोटार उतारावर नेऊन ठेवतो आहे. तिथून ती आपली आपण जाईल. जीप सातला निघते. आज गुणवंतरावांना कळेल, पाय कोणाला आहेत!

२२ फेब्रुवारी, दुपारी
काल लिहिले नाही. डोळ्यांत धूळ होती.
झाले ते क्रमाने लिहितो. उतारावर मोटार उत्तम धावली. एक मैल तीन फर्लांग. स्पीड चाळीस (अंदाजे, काटा मोडका आहे). समोर जंगल नाका. बांबू आडवा. ब्रेक विटेसारखा नव्हता. मोटार बांबूने थांबवली.
नाकेदार वारलू नवा माणूस. तुटलेल्या बांबूकडे पाहिले, मोटारीत डोकावला, म्हणाला, "फळी लाकडाची आहे. लाकूड न्यायचा पास कुठी आहे?" अशा प्रश्नांना मी घाबरत नाही. मीच त्याला शिक्का दाखवला. कायदेशीर माल. त्याने शिक्क्यांची वही काढली, बोट फिरवले. "त्रिशूळ म्हंजे गुणवंतराव ठेकेदार. मंग तुमी कोन? डायवर?"
तेवढ्यात जीप आली.
गुणवंतराव उतरले. वाकले. ठशावर बोट फिरवले. फार वेळ. मग म्हणाले, "काऊन रे मुखरू, शिक्का माहा, मारला तुवा. अन् मोटार कोनाची?"
माझ्याकडे बाळासाहेबांचा कागद होता. पण शिक्का खोटा म्हणालो असतो, तर परक्याचा शिक्का मारल्याचा गुन्हा. खरा म्हणालो असतो, तर मोटार गेली. सतरा वर्षांत पहिल्यांदा मोजून उत्तर येईना. म्हणालो, "मालक, तुमचीच."
"मंग चाल, जत्रेत दाखवू."
जीपला दोर बांधला. मी स्टिअरिंगवर. चामोर्शीपर्यंतच अठरा मैल, जीपची सगळी धूळ माझ्यावर. हॉर्न वाजवून पाहिला. वाजत नाही.
जत्रेत लोकांनी मोटारीला हात लावून पाहिले. एकीने कुंकू वाहिले.
काल परत येताना चामोर्शीच्या बाजारात गुणवंतरावांनी बोकड घेतला. जीप भरलेली. म्हणाले, "तुह्यापाशी बसव. दोन सीटा आहेत ना?" बोकड शेजारी बसला. हा लंगडा नाही. दोघांनी तोंडे मिटून धूळ खाल्ली. नाक्याजवळ त्याने माझ्या खिशातून राजीनामा ओढला आणि चावू लागला. मी अडवले नाही. 'नॉट लेस'पर्यंत माझ्या हातात उरले आहे.

१ मार्च
पगार मिळाला. पंचवीसची मनिऑर्डर नागपूरला केली. मोटार ठेकेदाराची, किस्त माझी. गुणवंतराव म्हणाले, शिक्क्याचा माल आहे, साठ्याच्या वहीत चढव. चढवला. नग एक. लाकूड अडीच घनफूट. दोनदा मोजले, चूक नाही. शेऱ्यात काय लिहू विचारले. म्हणाले, "लिही, बोकडासाठी."
सुंदर अक्षरात लिहिले.
रुखमाबाई डोक्यावर दोन घागरी घेऊन डेपोसमोरून गेली. मोटारीकडे पाहिले. माझ्याकडे नाही.
दुपारच्या सुट्टीत सावली फक्त मोटारीतच असते. दार उघडून उभा राहिलो. बोकडाने माझ्याकडे पाहिले आणि थोडा सरकला.