सायलस पेन्रोझला उशिरा मिळणारं पत्र

मी, बार्नबस ट्रेगर, वय एकसष्ट, देवमाशांच्या शिकारीवर जाणाऱ्या 'लव्हिनिया' जहाजाच्या दुसऱ्या होडीचा एके काळचा तांडेल, राहणार होबार्ट टाउन, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. बिघडली आहे ती छाती, डोकं नाही. माझी आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती तीन होती, आणि तिन्हींत सायलस पेन्रोझला काही मिळू नये एवढंच लिहिलं होतं.

पहिलं. माझे हार्पून आणि भाला धक्क्यावर होड्या बांधणाऱ्यांना द्यावेत. ज्या हार्पूनवर सायलसची खूण आहे तो त्याचा त्याला परत करावा. १८०५ साली एकाच माशात आम्हा दोघांचे हार्पून निघाले आणि कप्तान रुकरीजांनी मासा पहिल्या होडीच्या, म्हणजे सायलसच्या नावावर लिहिला. माझा आधी लागला होता. हे एकतीस वर्षं तोंडी सांगत आलो, आता लेखी सांगतो.

दुसरं. लव्हिनियाच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावर कोरलेली, लाकडी बाई टॅमझिन पेन्रोझला द्यावी. जहाज म्हातारपणी इथेच कोळसा साठवायला पडून होतं. ते मोडलं तेव्हा ही बाई मी मागून आणली. स्पेनशी युद्ध चालू होतं तेव्हा लव्हिनियाचा तोरा काही और होता. सहा तोफा खऱ्या, चौदा नुसत्या रंगवलेल्या, आणि स्पेनची जहाजं धरायची राजाची सनद. तेलही काढायचं आणि लढाईही करायची. टॅमझिनला ती बाई कधी आवडली नाही, पण तिने माझ्याकडून काहीतरी घ्यावं असं मला फार वाटतं.

टॅमझिन आज सायलसची बायको आहे, दोघं इथेच होबार्टला राहतात. लंडनला तिच्या बापाचं दोरखंडाचं दुकान होतं आणि आम्ही दोघंही तिथे चकरा मारायचो. आम्ही समुद्रावर गेल्यावर तिने त्याला पत्रं लिहिली, आणि त्यांत शेवटी माझी विचारपूस केली. मी आतून जळत होतो.

तिसरं, आणि खरं तर याच्यासाठीच हा कागद. कासवांच्या बेटावर एक पिंप ठेवलेलं असे. येणारं जहाज त्यात पत्रं टाकी आणि आपली उचलून नेई. १८०६ साली कप्तानांनी मला तिथे उतरवलं. पिंपात सायलसच्या नावाचं पत्र होतं, अक्षर बायकी, गोल. टॅमझिनचंच असणार, असं धरून मी ते सदऱ्यात लपवलं.

पंधरवड्यात आम्ही पेरूच्या किनाऱ्याजवळ पिठाने भरलेलं एक स्पॅनिश जहाज धरलं. ते सिडनीला न्यायचं काम सायलसला मिळालं.

"मी का नाही?" मी विचारलं.

"तुझ्या हाताखाली माणसं धुसफुसतात, बार्नी," कप्तान म्हणाले. "त्याच्या हाताखाली गातात."

त्याचं शीड दिसेनासं झालं तेव्हा मी पत्र फोडलं. ते दुसऱ्या जहाजावरच्या त्याच्या भावाचं निघालं. स्पॅनिशांचं एक लढाऊ जहाज डेकवर कढया पेटवून काळा धूर सोडतं, असं त्यात होतं. कोणी देवमाशाची चरबी कढवताहेत असं वाटून आपली माणसं भेटायला जातात आणि सापडतात, तेव्हा धूर दिसला तर लांब राहा. आता, धूर दिसल्यावर आमच्यातलं कोण लांब राहील? महिनोन्महिने दुसरं तोंड दिसत नाही. तंबाखू, बातम्या, घरची पत्रं, सगळं तिथेच मिळतं. सायलसही त्या धुराकडे गेला आणि सापडला.

लव्हिनिया लगेच वळवली असती तर संध्याकाळच्या आत त्याला गाठलं असतं. पण मग पत्र माझ्याकडे कसं, ते सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो. खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं.

तो तीन वर्षं पेरूत, स्पॅनिशांच्या काय्याओच्या तुरुंगात होता. त्याच्याबरोबरचे दोघं तिथेच तापाने गेले. मी लंडनला परतून टॅमझिनला लग्नाचं विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही चांगले आहात हो बार्नी, पण तो येणार आहे." तो आला, लंगडत, पुढचे दात गेलेला, आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्याच्या तुरुंगाचाही हेवा वाटला.

चौथं. ते पत्र माझ्या पेटीत आहे, ते सायलसला द्यावं. हे घरही परसासकट त्यालाच द्यावं. त्याचं छप्पर गळतं आणि टॅमझिनला दमा आहे. भरपाई म्हणून माझ्यापाशी एवढंच आहे, आणि त्याने ते घेतलं तर मी सुखाने मरेन.

पाचवं, सह्या होण्यापूर्वी वाढवलेलं. आज सकाळी सायलस मटणाचं सूप घेऊन आला. "काय रे, आहेस अजून? मी तुझ्या मयतीसाठी काळा कोट झटकून ठेवलाय," म्हणाला. वकील ऑर्टन यांनी त्याच्यासमोर वरचं सगळं वाचलं.

"हॅरी डॉकरे आणि ओवेन प्राइस," सायलस म्हणाला. "तुरुंगात गेलेल्या त्या दोघांची नावं तरी लिहायचीस."

लिहिली.

मग त्याने पेटीतलं पत्र स्वतः काढून खिशात घातलं आणि साक्षीदाराच्या सहीसाठी लेखणी मागितली.

"पेन्रोझ, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही," ऑर्टन म्हणाले. "कायदा आहे. समोरचा बेकरीवाला येतोय, तो करील सही."

"मला कायदा ठाऊक आहे," सायलस म्हणाला. "म्हणून तर मागतोय." मग माझ्याकडे वळून, "सूप पी. निवतंय."

तो शिव्या देता तर मला सोपं गेलं असतं. घराचं काय करायचं ते आता ऑर्टन बघतील. या घटकेलाही मला त्या माणसाचा हेवा वाटतो आहे, आणि मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा पुरावा म्हणून हे नोंदवून घ्यावं.

ठिकाण: होबार्ट टाउन
तारीख: १४ जून १८३६

सही: बार्नबस ट्रेगर

आमच्यादेखत सही केली:
एडमंड ऑर्टन, वकील
मेहिटेबल डव्ह, धोबीण (फुलीची निशाणी)
सायलस पेन्रोझ