उजव्या गुडघ्यावरचा हात

टीचर, मागच्या आठवड्यात मी पहिल्या खुर्चीत बसले. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला घेतलं. तुम्ही आता जिथे आहात तिथे बातम्या कशा पोचतात याची मला कल्पना नाही, पण वसईतल्या बातम्या तुमच्यापर्यंत पोचायच्या थांबल्या असतील यावर माझा विश्वास बसत नाही.

तुम्ही गेल्यावर कॉलेजने तुमची जागा भरलीच नाही. आधी भरती बंद होती. मग उघडली तेव्हा गणिताला माणूस हवा होता, आणि गणिताला माणूस मिळेपर्यंत पुन्हा बंद झाली. मी सकाळी संस्कृत शिकवते, संध्याकाळी मुलींच्या संघाला बास्केटबॉल, आणि या दुसऱ्या कामातलं माझं पद अजून तेच आहे जे तुम्ही मला दिलंत, सहायक प्रशिक्षक. नव्या प्राचार्यांनी एकदा विचारलं, "सहायक म्हणजे कोणाच्या, मॅडम?" मी म्हटलं, "टीचरांची." त्यांनी चष्मा पुसला आणि नॅकच्या समितीचा विषय काढला. तेव्हापासून मला कोणी विचारत नाही. संस्कृतच्या माणसाला लोक थोडं वेड माफ करतात. आमच्या विषयाचा तेवढाच एक फायदा उरला आहे.

सामन्याच्या दिवशी मांडववाल्याकडून त्याच लाल प्लास्टिकच्या खुर्च्या येतात. स्कोअरच्या टेबलालगतची पहिली खुर्ची तुमची. टेबल कोर्टाच्या कुठल्याही बाजूला असो, मी तुमच्या डावीकडेच बसायचं, कारण तुमचा उजवा हात खुणांसाठी मोकळा लागायचा. मूठ म्हणजे मागे या, पंजा म्हणजे पसरा, आणि करंगळी वर म्हणजे सामना संपल्यावर कोणाची तरी पूजा आहे. ओरडणं तुम्हाला मान्य नव्हतं. घरी तुम्ही गावच्या बोलीत बोलायचात, आमच्याशी साधं मराठी, पण रागावलात की एकदम छापील व्हायचात. मी एकदा परत धावायचा कंटाळा केला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालात, "आपणांस धावण्याची तसदी देते आहे, त्याबद्दल क्षमस्व." शिव्या परवडल्या असत्या. मी आयुष्यात शिकलेल्या सगळ्या भाषांत मला त्या वाक्याइतकं काही लागलेलं नाही.

आणि डावा हात. सामना अटीतटीला आला की तुम्ही कोर्टावरची नजर न हलवता डावा हात माझ्या उजव्या गुडघ्यावर ठेवायचात आणि दाबून धरायचात. रुंद, कोरडा हात, निलगिरीच्या तेलाचा वास, बोटात ती दहा दाण्यांची अंगठी, जिच्यावर तुम्ही तिसऱ्या क्वार्टरपर्यंत रोझरीची माळ मोजत असायचात. घरी आल्यावर माझ्या गुडघ्यावर त्या दाण्यांचे बारीक ठसे दिसायचे. मुली म्हणायच्या, टीचरांचा मॅडमवर किती जीव आहे. मी मान डोलवायची. पण दोन गुडघ्यांतून तुम्ही नेमका तोच निवडायचात, आणि तो निवडण्याचं कारण फक्त आपल्या दोघींना माहीत होतं.

मी तो दिवस पुष्कळदा जगले आहे, तरी अजून तो तुमच्या स्वयंपाकघरातच सुरू होतो. फायनलची सकाळ. मागच्या दारातून केळीची वाडी दिसते आहे. चुलीशी तुमच्या बहीणबाई उभ्या आहेत आणि आख्खा संघ जमिनीवर बसून तांदळाचे पोळे खातो आहे. माझा तवा वेगळा. "बामणीणबाई, हा एक तवा तुझ्यासाठी न बाटवता ठेवलाय," तुम्ही म्हणता, "जिंकली नाहीस तर यात बोंबील तळीन." सगळ्या हसतात. निघताना तुम्ही प्रत्येकीच्या हातात पानात बांधलेली सुकेळी ठेवता, हाफ-टाइमला खायला. बाकीचे संघ संत्री चोखायचे, ग्लुकोज प्यायचे. आपण उन्हात वाळवलेली केळी चघळायचो, म्हणून ते आपल्याला हसायचे आणि मग हरायचे.

शेवटच्या क्वार्टरमध्ये मी रिबाउंडला उडी मारली आणि पाय टेकताना गुडघ्याच्या आत काहीतरी जागचं सरकलं. दुखलंही नाही धड, ओला साबण हातातून निसटावा तसं वाटलं. तुम्ही टाइम-आउट घेतलात. मी लंगडत आले आणि म्हणाले, "टीचर, आतून सरकल्यासारखं वाटतंय." तुम्ही गुडघ्याकडे पाहिलंत. मग स्कोअरच्या फलकाकडे. मग पुन्हा गुडघ्याकडे. स्वतःची ओढणी काढून तुम्ही त्याला आवळून बांधलीत आणि विचारलंत, "तीन मिनिटं. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं.

आपण जिंकलो. मी पुन्हा कधी खेळले नाही. ऑपरेशननंतर तुम्ही सुकेळ्यांचा मोठा पुडा घेऊन आलात, पलंगाशी बसून एक एक सोलल्यासारखं पान उलगडत राहिलात आणि गुडघ्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. निघताना दारातून म्हणालात, "चालायला लागलीस की बाकावर ये. माझ्या डावीकडची खुर्ची तुझी." ती क्षमा होती की नोकरी, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतर कॉलेजात मला संस्कृतची जागा मिळाली, बाकावरची खुर्ची आधीपासून होतीच, आणि आपण दोघी शेजारी शेजारी बसून म्हाताऱ्या होत गेलो. तुम्ही जरा जास्त वेगाने.

तुम्ही विचारलं होतंत, हे खरं आहे. तुमच्या बाजूने मी स्वतःशी हाच मुद्दा मांडत आले. मोडतोडीला माझी संमती होती. पण टीचर, दमछाक झालेल्या, जिंकायला टेकलेल्या विशीच्या मुलीला तो प्रश्न विचारायचा नसतो. त्याला एकच उत्तर असतं आणि ते तुम्हाला विचारण्याआधी ठाऊक होतं.

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्याच सामन्याला मी सवयीने दुसऱ्या खुर्चीत बसले. पहिलीवर कोणी बॅग ठेवली, ती मी उचलली. शेवटच्या मिनिटांत गुण सारखे झाले आणि माझ्या उजव्या गुडघ्यावर वजन आलं. मी खाली पाहिलं नाही. निलगिरीचा वास आला, तो मागच्या रांगेतल्या एखाद्या मुलीने पोटऱ्यांना चोळलेल्या तेलाचाही असू शकेल. मी तर्कशास्त्र शिकले आहे, धूर दिसला म्हणून अग्नी म्हणायला मला घाई नसते. पण तेव्हापासून प्रत्येक अटीतटीच्या सामन्यात तो हात येतो. सामन्याहून आल्यावर अंघोळ करताना मी त्या गुडघ्याकडे बघत नाही. ठसे नसतील तर मी वेडी, आणि असतील तर काय करायचं, याचं उत्तर आमच्या कुठल्याच शास्त्रात मला सापडलेलं नाही.

उपाय केला नाही असं नाही. एका पितृपक्षात मी तुमच्या नावाने पाणी सोडलं. बायकांनी ते करायचं नसतं, त्यात तुमचं गोत्र कोणाला माहीत. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणून चालतं, तेव्हा एका सकाळपुरतं मी तुम्हाला काश्यपगोत्री करून टाकलं. एवढी पिढीजात ख्रिस्ती बाई विरारच्या एका बाल्कनीत कोणाला न विचारता बाटवली. तव्याची फिट्टंफाट समजा. पण पुढच्याच सामन्याला तुम्ही हजर.

आता मुद्द्यावर येते. यंदाच्या संघात अर्नाळ्याची एक मुलगी आहे. तिला पाहिलं असतंत तर तुम्ही करंगळी खिशात घातली असती. घरी मासे वाळवायचं काम, हात लांब, तोंड त्याहून लांब. पहिल्या दिवशी मी तिला बेत समजावत होते तर म्हणाली, "मॅडम, हा एवढा श्लोक पाठ करायचाय का खेळायचंय?" सेमीफायनलमध्ये ती उजव्या पायावर वेडीवाकडी उतरली. गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, तुटलेलं नाही, जपा. तिने तो जपा शब्द दवाखान्यातच सोडला. फायनलला विद्यापीठाच्या संघाचे निवड करणारे येणार होते आणि ते तिच्यासाठीच येणार होते. मी ठरवलं, खेळवायचं, पण जरा काही दिसलं तर बसवायचं. बाकावर ठरवणं फार सोपं असतं.

शेवटची मिनिटं. आपण एका गुणाने मागे. ती बॉल घेऊन वळली आणि तिचा गुडघा आत गेला. पडली नाही, सावरली, पण मला तो ओला साबण दिसला. समोरच्या संघाचा फाउल झाला, शिटी वाजली, खेळ थांबला. ती बाकाकडे बघायला लागली, आणि त्याच क्षणी माझ्या गुडघ्यावर तुमचा हात आला. इतका जड तो कधीच नव्हता. इतकी वर्षं त्या दाबाचा मी एकच अर्थ लावत आले होते, चालू दे. आणि मीही चालू दिलं होतं, दर वेळी, कारण पहिल्या खुर्चीत तुम्ही होतात आणि मी नुसती सहायक. चुकलं तर ते तुमचं चुकणार होतं. मेलेल्या माणसाइतका सोयीचा वरिष्ठ दुसरा नसतो, टीचर.

"मॅडम, जमेल!" ती कोर्टावरून ओरडली. "मस्त जमेल!"

मी तिला विचारलंच नव्हतं. मी उभी राहिले. हात गुडघ्यावरून घसरल्याचं मला स्पष्ट जाणवलं, मांडीवर झोपलेलं मांजर उठल्यासारखं. मी चंदनसारहून येणाऱ्या बदली मुलीला टेबलाकडे पाठवलं आणि अर्नाळ्याच्या मुलीला हाताने बोलावलं. ती आली, पाण्याची बाटली घेतली आणि पिण्याऐवजी जमिनीवर आपटली. "तुम्ही विचारलं पन नाय मला," ती म्हणाली. मी म्हटलं, "नाही विचारलं." आपण हरलो. निवड करणाऱ्यांनी दुसऱ्याच दोघींची नावं घेतली. ती बॅग उचलून निघून गेली. तो गुडघा शेवटच्या मिनिटांत तुटला असता की नसता, हे कोणालाच सांगता येणार नाही. माझा तुटला म्हणून मला तुमच्यावर रागावता तरी आलं. तिच्याकडे मला दाखवण्यासारखं काहीच नाही, फक्त हरलेला सामना आहे.

दोन-चार दिवसांनी तिची आई कॉलेजात आली. स्पोर्ट्स रूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "तुमीच का त्या? माझ्या पोरीला बसवलंत त्या?"

"मीच."

"घरात कोनाशी बोलत नाय. नुसती तुमाला शिव्या देते. मी बोलली, दे, पन उभी राहून देतेस ना? मग दे."

मग तिने पिशवीतून सुक्या बोंबलांची जुडी काढून माझ्या टेबलावर, शब्दकोशाच्या शेजारी ठेवली. मी खात नाही, तरी ती परत केली नाही. अजून त्या खोलीतल्या प्रत्येक बॉलला वास येतो. तवा बाटला म्हणायचा.

मागच्या आठवड्यात माणिकपूरच्या एका संघाशी साधा सरावाचा सामना होता. खुर्च्या मांडल्या होत्या. मी दुसऱ्या खुर्चीकडे वळले, थांबले, आणि पहिलीत बसले. काही झालं नाही. वीज पडली नाही, कोणी छापील मराठीत क्षमाही मागितली नाही. गुडघ्याला पट्टा बांधून ती अर्नाळ्याची आली, माझ्या डावीकडच्या खुर्चीत बसली आणि आमच्या मुलींच्या चुकांवर पुटपुटायला लागली. शेवटी गुण सारखे झाले. मी वाट पाहत होते. उजवा गुडघा हलका राहिला, तुम्ही आला नाहीत. आणि मी कोर्टाकडे बघत असताना माझा डावा हात कधी तिच्या गुडघ्यावर गेला ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तो दाबून धरला होता. मी तिला धीर देत नव्हते, टीचर. चालू दे असंही म्हणत नव्हते, माफीही मागत नव्हते. मी घाबरले होते आणि हाताला लागेल ते धरून बसले होते.

"मॅडम," कोर्टावरची नजर न काढता ती म्हणाली, "हात काढा. दुखतंय."

मी काढला. इतकं सोपं होतं ते.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तुमच्या ग्रेव्हवर मेणबत्ती लावायला येईन, दरवर्षी येते तशी. पत्र मात्र आणणार नाही. बहीणबाई तिथली फुलं स्वतः बदलतात आणि दगडाखाली ठेवलेलं काहीही वाचल्याशिवाय सोडत नाहीत, आणि हे त्यांनी वाचावं असं मला वाटत नाही. तेव्हा इथेच, टेबलाच्या खणात राहू दे, बोंबलांच्या वासात. त्या मुलीने दोन शब्दांत सांगितलं ते सांगायला माझं आयुष्य पुरलं नाही. तुम्ही दाबायचात तेव्हा मलाही दुखायचं. दर वेळी. मी गुडघा कधी हलवला नाही, कारण तुम्ही हात उचलाल अशी भीती वाटायची.