तापलेलं उलथणं

बाई, तुमच्या हातचा मार मी पुष्कळ खाल्ला. भाकरी करपली की पाठीत धपाटा, वाढताना पान चुकलं की चारचौघांत उद्धार. पिंपळगाव राजाहून आलेली मी विधवा पोर, तुमच्या खामगावच्या खानावळीत वाढायला राहिले, आणि महिनाभर रोज पळून जायचं ठरवत होते. मग कापसाचा हंगाम आला. तो दलाल रोज आपली आठ-दहा माणसं घेऊन जेवायला येई, त्याच्याच जिवावर तुमची चूल पेटत होती. एके दिवशी वरण न्यायला मला उशीर झाला. त्याने माझ्या हातातलं भांडं हिसकलं आणि उकळतं वरण माझ्या छातीवर ओतलं, वर कानाखाली वाजवली. मी खाली पडले आहे, पंगत जेवते आहे, एकाचाही घास थांबत नाही. आता हाकलणार ते मलाच, एवढंच मला कळतंय.

तुम्ही आतून येता, निखाऱ्यांत लाल झालेलं उलथणं घेऊन, आणि ते त्याच्या उजव्या हातावर दाबता. कातडं चरचरतं. तो गुरासारखा ओरडतो, "खानावळ बंद पाडतो तुही!"

"पाड! माह्या पोरीच्या आंगावर वरण ओततं काय बे? ऊठ पानावरून!"

त्याच्या माणसांनी तुम्हाला केस धरून उंबऱ्यावर आपटलं. दात पडला, तोंड रक्ताने भरलं, तरी उलथणं हातातच होतं.

माझं काय चुकलं, हे तुम्ही विचारलंच नाही. भाजलेलं जरा सुकल्यावर मला वाटलं, आता चुलीपाशी बसवाल, लोकांच्या नजरेआड. तुम्ही वरणाचं भांडं हातात दिलंत. "पंगतीत तूच जाय. मी हाओ दारात." त्या हंगामात निम्मी गिऱ्हाइकं तुटली, तुमच्या शिव्या काही कमी झाल्या नाहीत, पण मी पुन्हा कधी भीत भीत वाढलं नाही. तुमच्याइतकं माझं कुणी नव्हतं.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही विचारलंत, "त्याचा हात मंग कामाचा नाही राह्यला म्हनतात. जास्तच झालं काय वं माह्याकडून?" मी नुसतं पांघरूण सारखं केलं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून सांगते. तो ओरडला तेव्हा मी पडल्या पडल्या हसले होते, बाई. उलथणं तुम्ही त्याच्या हातावरून फार लवकर उचललंत, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.