एकेचाळीस गाणी आणि माझा भाचा

मी, हेमप्रभा दुवरा, वय शहात्तर, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार जोरहाट, कोणाच्याही दडपणाविना आणि डोकं शाबूत असताना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोक्याबद्दल भाचा प्रांजल शंका काढेल, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. माझं राहतं घर आणि बँकेतील ठेवी माजुलीच्या लावण्या पायेंग हिला द्याव्यात. ती माझी नात्याने कोणी नाही. तिची आई यामिनी मागावर विणताना गायची, आणि मी शेजारी टेपरेकॉर्डर लावून बसायचे.

२. बारा वर्षांत मी गावोगावच्या बायकांची चारशे बारा गाणी स्पूलवर घेतली. स्पूलना बुरशी लागण्याआधी ती संगणकावर वेव्ह फाइलींत उतरवली. त्या फाइली अवजड. तीन महिने वाचून मी फ्लॅक हा प्रकार निवडला: जागा जवळपास निम्मी, आणि आवाजातला कणही जात नाही. एमपीथ्री लहान होते, कारण कानाला कळणार नाही असं तिला वाटतं ते ती फेकून देते. कोणाच्या कानाला?

३. माझ्याकडचा सगळा साठा फ्लॅकमध्ये आणायचं काम मी प्रांजलवर सोपवलं, ही माझी चूक. त्याने सगळ्याची एमपीथ्री केली, मूळ फाइली पुसल्या आणि त्या डिस्कवर स्वतःच्या लग्नाचं चित्रण भरलं. मी ओरडले तेव्हा त्याच एमपीथ्रीचं फ्लॅक करून घेऊन आला.

"घ्या पेही, तुम्हाला हवं होतं तेच. आता तरी हसा."

मी ऐकलं. मागाची खटखट ओल्या चिंध्यांवर पडल्यासारखी येत होती. संगणकावर आवाजाचा आलेख काढला, तर उंच सुरांचा वरचा पट्टा कापून टाकलेला.

"आत्याला फसवतोस?"

"म्हाताऱ्या बायकांचं रडगाणं, पेही! कोण ऐकणार आहे?"

त्या दिवसापासून मी त्याला चहा विचारलेला नाही.

४. तीनशे एकाहत्तर गाणी वाचली, कारण त्यांची फ्लॅक प्रत मी स्वतः करून लावण्याला आधीच दिली होती. यामिनीची एकेचाळीस तेव्हा तिने घेतली नव्हती. "आत्ताच नको, बाइदेउ. आईला जाऊन महिनाच झालाय." नेमकी तीच गेली; मूळ स्पूलही तोवर बुरशीने खाल्ले होते. हे तिला सांगायला मी फेरीबोटीने माजुली बेटावर गेले. ती बराच वेळ सूत गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "उरलंय ते द्या. तेवढी तर तेवढी आई."

५. ती एकेचाळीस एमपीथ्रीच राहू द्यावीत. फ्लॅकचा खोटा अंगरखा पुन्हा कोणी चढवू नये. नावापुढे लिहावं: "प्रांजल दुवरा याने खराब केलेली."

६. सर्व गाण्यांच्या तीन प्रती तीन घरांत ठेवाव्यात. दर पाच वर्षांनी नव्या डिस्कवर घ्याव्यात. त्या घरांत प्रांजलचं घर नसावं.

७. प्रांजलला माझा संगणक द्यावा, रिकामा करून. माझ्या श्राद्धाला त्याने जेवावं. भाषण करू नये.

परवा फोनवर त्याने विचारलं, "पेही, मृत्युपत्रात माझं नाव घातलंत ना?"

"घातलं," म्हटलं. "जागोजागी."

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचून सही केली. दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: हेमप्रभा दुवरा
साक्षीदार: १. तरुलता फुकन, शेजारीण २. दिंबेश्वर बरठाकूर, निवृत्त पोस्टमास्तर
जोरहाट, १४ नोव्हेंबर २०२३